काखेतला 'एम'

सकाळची वेळ. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची बॅच डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शरीररचना शिकण्याच्या खोलीत, शिरते आहे. मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात. काही दिवसांत त्याची सवय होते, ॲप्रनच्या वासाची मात्र रूममेटला होत नाही!

आज टेबलावर काख. इथे ब्रॅकियल प्लेक्सस शोधायचा आहे. मानेतल्या चार आणि छातीतल्या पहिल्या मज्जामुळापासून बनलेलं हे नर्व्हचं जाळं काखेतून हातात उतरतं. काल रात्री सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलाय. त्यात आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळीधमक. इथे सगळंच करडं-तपकिरी, वर चरबीत गुरफटलेलं.

मग बोटं कामाला लागतात. व्हेन दाबली की चपटी होते, आर्टरीची भिंत जाड लागते, नर्व्ह दोरीसारखी भरीव. चरबी काढता काढता आर्टरीच्या पुढ्यात तीन नर्व्हचा मिळून इंग्रजी 'एम' दिसू लागतो: मस्क्युलोक्यूटेनियस, मिडियन, अल्नार. तो सापडला की तिथून मागे मानेपर्यंत जाता येतं.

स्काल्पेल दोघांच्या हाती, एक जण मॅन्युअल मोठ्याने वाचतोय, बाकीचे टाचा उंचावून बघताहेत. गर्दी असतेच. पण 'अगं, ही अल्नार नाही, खाली कुठे जाते बघ ना' हा वाद इथेच होतो, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोच आठवतो.

म्हणून व्हिडिओ कुचकामी ठरतात असं नाही. एम्ब्रियॉलॉजीला, म्हणजे गर्भाच्या वाढीच्या अभ्यासाला, मुलं सरळ ॲनिमेशन लावतात, आणि ते योग्यच. गर्भातल्या हृदयाची नळी कशी वळते, हे टेबलावर कुठून दिसणार? हाडांचा अभ्यास होस्टेलच्या खोलीत, सीनियरकडून आलेल्या बोन सेटवर. डोळे मिटून क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याजवळचं हाड, हातात घ्यायचं आणि उजवं की डावं ते सांगायचं.

टेबलावरचा देह मात्र कुणाचा तरी असतो. बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद मुंबई प्रांतात 1949 च्या कायद्याने झाली. आज घरचे लोक देहदानाची इच्छा पाळून देह आणून देतात. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमाने कॅडाव्हरला, म्हणजे या मृतदेहाला, 'पहिला शिक्षक' म्हटलंय. डिसेक्शनआधी शपथ घेतली जाते, आणि त्या दिवशी मागच्या रांगेतली कुजबुजही थांबते.

हा शिक्षक पुस्तकाबरहुकूम असेलच असं नाही. तुमचंच मनगट बघा. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट थोडं आत वाकवा. मधोमध उठून आली ती पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. काहींना ती नसतेच, आणि त्यावाचून काही अडतही नाही. प्लास्टिक सर्जन तर ती काढून दुसरीकडे जोडायला वापरतात.

टेबलाभोवती सगळ्यांचे हात पुढे आलेत. एकीची कंडरा ठळक दिसते, ती खूश. सर म्हणतात, "आता दुसरा हात दाखव."