देवमाशाच्या कानातलं हाड

नमस्कार श्रोतेहो.

देवमासा हा मासा नव्हे, हे आपण शाळेतच शिकतो. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. मग हा सस्तन प्राणी समुद्रात गेला कसा?

आधी त्याचं शरीरच पाहू. पोहण्यासाठी वापरायच्या पुढच्या परांमध्ये माशासारखे काटे नसतात. खांद्याजवळ एक जाड हाड, पुढे दोन, मग मनगटाची बारीक हाडं आणि शेवटी बोटांची पेरं. आपला स्वतःचा हात चाचपून पाहा, मांडणी हीच. वटवाघळाच्या पंखातही हीच. एकाला पोहायचंय, एकाला उडायचंय, आपल्याला लिहायचंय; कामं इतकी वेगळी आणि सांगाडा मात्र एकाच घडणीचा. समान पूर्वजाकडून आलेला हात प्रत्येकानं आपापल्या कामाला जुंपला, असं धरलं की हे कोडं सुटतं. शिवाय देवमाशाच्या मांसात रुतलेली कमरेची दोन छोटी हाडं असतात, पाठीच्या कण्यापासून सुटलेली. जननेंद्रियांचे स्नायू त्यांना जोडलेले असतात, म्हणजे ती अगदीच निकामी नाहीत. पण चालण्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही.

आता खडकांची साक्ष. पाकिस्तानात सापडलेल्या कवटीवरून १९८१ साली 'पाकिसेटस' या प्राचीन प्राण्याचं वर्णन झालं. काळ सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा. कान देवमाशाच्या वळणाचा, पण पुढे सांगाडे मिळाले तेव्हा दिसले चार धडधाकट पाय! २००१ मध्ये प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं प्रसिद्ध झाली. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असलेलं हे हाड हरीण, डुक्कर, उंट अशा समखुरी प्राण्यांची खास खूण. समखुरी गटातलाच पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा हयात नातलग, असं डीएनए आधीपासूनच सांगत होता.

आणि माझ्या मते सगळ्यात रंजक गोष्ट जम्मू-काश्मीरमधल्या 'इंडोह्यस' या प्राचीन प्राण्याची. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी कालाकोटजवळून आणलेले जीवाश्म असलेले दगड त्यांच्या पश्चात जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे गेले. साफसफाई करताना एक कवटी चुकून तुटली आणि आत कानाच्या हाडाची जाड कड दिसली, जी देवमाशांची ओळख मानली जाते. २००७ मध्ये हे संशोधन छापून आलं. इंडोह्यस मांजराएवढा, खुरांचा, पण हाडं पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी जड. हा देवमाशांचा थेट पूर्वज नव्हे बरं का, चुलत घराण्यातला.