हेअरकट कुणाचा, माफी कुणाची

नमस्कार मंडळी, ऐकताय ना? भाजी चिरता चिरता ऐकत असाल किंवा एसटीत कानात वायर खुपसून बसला असाल तर तसंच ऐका, कठीण काही सांगणार नाहीये. मी 27 वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. आता रिटायर आहे, सकाळी दोन पेपर वाचतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर त्यावरून भांडतो.

कट्ट्यावर हल्ली भांडण एकच, मीडिया विकला गेलाय. एक जण म्हणतो अमुक चॅनल सरकारची आरती ओवाळतंय, दुसरा म्हणतो तमुक पोर्टलला देशात चांगलं काही दिसतच नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. 31 ऑगस्ट 2020 ला एप्रिल ते जूनचा जीडीपी जाहीर झाला, उणे 23.9 टक्के, इतकी घसरण तिमाही आकडे यायला लागल्यापासून कधी नव्हती, आणि त्याच दिवसांत बरेच न्यूज चॅनल रात्रंदिवस एका नटाच्या मृत्यूचा तपास स्टुडिओत बसून करत होते. त्यावर लोक चिडले ते बरोबरच होतं.

पण माझी तक्रार जरा वेगळी आहे आणि ती दोन्ही बाजूंच्या पेपरांबद्दल आहे. कर्जाची बातमी लिहिताना हे लोक शब्द कुठले वापरतात ते बघा. शेतकऱ्याचं कर्ज सोडलं की ती माफी. माफी कुणाला करतात हो? ज्याने काहीतरी गुन्हा केलाय त्याला. आणि मोठ्या कंपनीचं कर्ज सोडलं की त्याला म्हणायचं हेअरकट. म्हणजे सलूनमध्ये जाऊन आल्यासारखं, केस काय परत वाढतीलच.

2017 आठवा. 1 जूनला पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त दीड लाख. त्याआधी एप्रिलमध्येच रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर उर्जित पटेल म्हणाले होते की अशा माफीने कर्ज प्रामाणिकपणे फेडायची संस्कृती बिघडते. मी बँकवाला आहे, मला ते पटतंही, एका गावात माफीची कुजबुज सुरू झाली की शेजारच्या गावातला नियमित भरणारा माणूसही हप्ता थांबवतो, हे मी टेबलावर बसून पाहिलंय. माझा प्रश्न एवढाच की ही संस्कृती फक्त दीड लाखालाच बिघडते का?

आता आपल्या मराठवाड्यातलीच कंपनी घ्या, व्हिडिओकॉन. एके काळी घराघरात त्यांचा टीव्ही असायचा. कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि जून 2021 मध्ये मुंबईच्या एनसीएलटीपुढे, म्हणजे कंपनी लवादापुढे, ती विकत घ्यायचा प्लॅन मंजुरीला आला. मान्य झालेले दावे 64,838 कोटींचे आणि खरेदीदार देणार 2,962 कोटी. रुपयामागे पाच पैसेसुद्धा नाहीत. आणि ज्यांनी कंपनीला माल पुरवला होता, सेवा दिली होती, त्यांना ऑपरेशनल क्रेडिटर म्हणतात, त्यांचे तर शंभरातले 99 रुपये 28 पैसे गेले. लवादाने आदेशात स्वतःच लिहिलं की घेणारा जवळपास काहीच देत नाहीये, आणि पुढे कंसात विचारलं, हा हेअरकट आहे की मुंडण? म्हणजे न्यायासनावर बसलेल्या माणसालाही तो शब्द खटकला, पेपरवाल्यांना नाही खटकला, बहुतेकांनी एक दिवस मुंडणाचा विनोद छापला आणि दुसऱ्या दिवसापासून परत हेअरकट. पुढे अपील झालं, जानेवारी 2022 मध्ये तो प्लॅन रद्दही झाला, पण ती बातमी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली?

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या कट्ट्यावरचे आमचे जुने बँकवाले मलाच धरतील. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते, वसुली कागदोपत्री चालूच असते. व्हॉट्सॅपवर 'अमक्याला इतके हजार कोटी माफ' असे मेसेज फिरतात ते चुकीचेच आहेत. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये सरकारने संसदेत दिलेलं उत्तर आहे, 2014-15 पासून नऊ वर्षांत बँकांनी 14.56 लाख कोटी राइट-ऑफ केले, त्यातले 7.40 लाख कोटी मोठ्या उद्योगांचे आणि सेवा क्षेत्राचे. आणि राइट-ऑफ केलेल्यातून वसूल किती झाले, तर दोन लाख कोटींच्या थोडंसं वर. मग माफी नाही तर नाही, दुसरा मराठी शब्द सुचवा. इकडे आमच्याकडे एखादा किराणावाला सेटलमेंट करून गेला की त्याच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, शिक्का बसतो आणि पुढची कित्येक वर्षं त्याला कुणी दारात उभं करत नाही.

आणि तुमच्या आमच्या कर्जाचं काय? त्याची तर बातमी अगदी हसतमुख असते. क्रेडिट ग्रोथ, म्हणजे कर्जवाटप वाढलं. ग्राहकांमध्ये उत्साह. सणासुदीला विक्रमी विक्री. अहो, उत्साह कसला, हप्त्यावर घेतलाय तो फ्रिज! 2022-23 मध्ये घरगुती निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे लोकांनी साठवलेल्यातून काढलेलं कर्ज वजा करून उरतं ते, जीडीपीच्या साधारण 5 टक्क्यांवर आली, दोन वर्षांपूर्वी ती 11 च्या वर होती (तेव्हा लॉकडाऊनमुळे खर्चच नव्हता, हेही खरं). सप्टेंबर 2023 मध्ये अर्थ मंत्रालय म्हणालं, काळजी नको, लोक घरं आणि गाड्या घेतायत. असेलही. पण दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर 2023 मध्ये, रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरचं रिस्क वेट 100 वरून 125 टक्के केलं, म्हणजे बँकांना सांगितलं की हे कर्ज वाटताना जास्त भांडवल बाजूला ठेवा. काळजी नव्हती तर मग हे कशाला? आणि दुसऱ्या दिवशी बातमी काय, तर बँकांचे शेअर पडले! ज्याने पर्सनल लोन काढलंय त्याच्याविषयी अवाक्षर नाही.

झिरो कॉस्ट ईएमआयचं तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 ला परिपत्रक काढून सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर दुसरीकडे लपवलेलं असतं. आज इतकी वर्षं झाली, दिवाळीच्या पेपराचं पहिलं पान उघडा. आख्खं पान तीच जाहिरात, फक्त झिरोच्या जागी नो आलंय. आता ज्या पेपराचा कागद आणि छपाई त्या पानावर निघते तो आतल्या पानावर ते परिपत्रक समजावून सांगेल का? त्याला कुणी फोन करून धमकावायची गरजच नाही. आणि आपलं रेडिओ स्टेशनही काही गंगेतून न्हाऊन आलेलं नाही, मी बोलायचा थांबलो की सोनेतारणाची जिंगल लागणारच आहे, मलाही ती पाठ झालीय.

परवा कट्ट्यावर मी एक गंमत केली. पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचली, फक्त शब्द बदलले. हेअरकटच्या जागी कर्जमाफी, प्रवर्तकच्या, म्हणजे कंपनीच्या मालकाच्या, जागी थकबाकीदार. सगळे एकदम गप्प. मग आमच्यातले एक सर, जे रोज मीडिया विकला गेला म्हणून ओरडतात, त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, कुठल्या पेपरात आलंय हो हे, आमच्याकडे तर असं काही नाही.

मी त्यांना पेपर दिला. त्यांच्याच घरी येतो तो होता.

चला, काचेपलीकडून खूण करतायत, वेळ झाली. येतो.