कोंगा आणला म्हणजे लॅटिन झालं का?

नमस्कार मंडळी! सांगलीतून बोलतोय. जुन्या सिनेमाचं गाणं आम्ही लॅटिन जॅझमध्ये वाजवलं, तेव्हापासून एकच विचारणा सुरू आहे: "दादा, आमच्याकडं कोंगा आहे, ट्रंपेट आहे, तरी तसं का वाटत नाही?"

वाद्यांचं पटकन: कोंगा आणि बोंगो हे हातानं वाजवायचे ढोल, पियानो, बेस, वर ब्रास म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं. बास. अडतंय ते बेसवर. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बेस वाजवू नका!

केरव्याच्या आठ मात्रा मोजा. आपला बेसवाला पहिलीवर हमखास ठोका देणार. तुंबाओ म्हणजे क्युबाच्या संगीतातली बेसची ठरलेली चाल. तिच्यात ठोका चौथीवर आणि सातवीवर. पहिली रिकामी.

नाही पटलं? सोळा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. ही क्लावे, क्युबाच्या संगीताचा पायाचा ठेका. तिच्या ४ आणि ७ वर बेस येतो, १ वर गप्प. पुढच्या आठांत पुन्हा तेच, १२ आणि १५.

कॉर्डच्या बाजूनं बघा. नवा कॉर्ड समेची वाट बघत नाही, बेस त्याचा स्वर सातवीवरच लावून मोकळा होतो. म्हणून गाणं पुढं ओढतं. तोच स्वर समेवर लावा, गाणं खाली बसलंच!

आमचा बेसवाला वर्षानुवर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेला. तालमीत बोटं थांबायचीच नाहीत. शेवटी म्हटलं, सम टाचेनं दे. टाच जमिनीवर, बोटं तारेवर थांबलेली, आणि चौथीला तार वाजली. कोंगावाला लगेच हसला.

एकानं लिहिलंय, "मिरजेचा तंबोरा शेजारी असताना समेचा अपमान करताय." अहो, सम मनात पक्की असल्याशिवाय ती रिकामी सोडता येते का? ज्याची सम कच्ची, तो दुसऱ्या आवर्तनातच घसरतो. आणि हे आजकालचं खूळ म्हणणाऱ्यांनी १९५१ चा 'अलबेला' लावावा. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यात बोंगो असा घुमवलाय की आजही पाय थांबत नाहीत. परकं काय त्यात?

तुमचं गाणं पाठवताना मुखडा कितव्या मात्रेवर उचलतो ते जरूर लिहा. क्लावेची तीन टाळ्यांची बाजू आधी घ्यायची की दोनची, हे मुखड्याच्या वजनावर ठरतं. पुढच्या व्हिडिओत तुमच्यातलंच एक गाणं घेऊन ते लावून दाखवतो.