सूचना सुटते तिथेच मदत

श्रोतेहो, नमस्कार.

"वह्या काढा, तारीख घाला, कालचा गृहपाठ समोर ठेवा आणि चौथे उदाहरण सोडवायला घ्या." शिक्षक म्हणून मी असे वाक्य एका दमात कितीतरी वेळा उच्चारले आहे. बहुतेक मुले कामाला लागत. एखादा मुलगा मात्र दप्तरात हात घालून तसाच बसलेला दिसे, कारण वही शोधता शोधता पुढच्या तीनही सूचना त्याच्या मनातून निसटलेल्या असत. "लक्ष कुठे आहे तुझे?" हा माझा प्रश्न त्याला दिवसातून अनेकदा ऐकावा लागे, आणि त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसे. त्या प्रश्नाची मला आजही खंत वाटते.

अशा मुलांचे वर्णन जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत केले होते. त्यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील उणीव मानले. पुढे १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तिला 'अवधान-न्यूनता' हे नाव मिळाले आणि १९८७ मध्ये त्याला अतिचंचलतेची जोड देण्यात आली. आज आपण एडीएचडी म्हणतो ते हेच. नावातून नैतिक ठपका गेला, तरी 'आळशी', 'बेशिस्त', 'मुद्दाम करतो' हे आपले शब्द मात्र अजून तिथेच रेंगाळत आहेत.

जगभरातील पाहण्या एकत्र केल्या असता शंभरातील साधारण पाच मुलांमध्ये ही अवस्था आढळते. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात अशी दोन मुले असणे स्वाभाविक आहे. त्यांतील एखादी मुलगी असेल आणि ती शांतपणे खिडकीबाहेर पाहत बसणारी असेल, तर तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणाचेही लक्ष जात नाही, कारण तिचा कोणाला त्रास नसतो. अर्थात निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आणि किमान सहा महिने दिसत आहेत का, हे तज्ज्ञ तपासतात. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का अधिक वेळा बसतो असे अनेक देशांत दिसून आले आहे, त्यामुळे घाईने मत बनवू नये.

या मुलांना नियम ठाऊक नसतात असे नाही. विचारले तर ती ते बिनचूक सांगतात. अडचण येते ती नेमक्या त्या क्षणी ते आठवून स्वतःला आवरण्यात, ऐकलेले चार शब्द हाताने काम करीत असताना मनात धरून ठेवण्यात आणि उशिरा मिळणाऱ्या फळासाठी आत्ता कष्ट घेण्यात. आवडत्या कामात हेच मूल तासभर रमते, आणि त्यावरून 'मनात आणले तर जमते' असा निष्कर्ष आपण काढतो. तो चुकीचा आहे. रस असतो तेव्हा लक्ष आपोआप टिकते, आणि रस नसताना ते ओढून आणण्याची शक्तीच येथे अपुरी पडते. म्हणूनच दिवसाच्या शेवटी दिलेला उपदेश, तो कितीही प्रेमाने दिलेला असो, फारसा उपयोगी पडत नाही. मदत हवी ती काम अडते त्या जागी आणि त्या क्षणी.

गजबजलेल्या वर्गात हे कसे साधायचे? सूचना एका वेळी एकच द्यावी, ती फळ्यावर लिहावी आणि पुसू नये, म्हणजे मुलाच्या स्मरणाचे ओझे फळा वाहतो. बारा उदाहरणांच्या कागदाची घडी घालून आधी चारच दिसतील असे करावे. चार झाली की कागद दाखवायला मुलाने शिक्षकापर्यंत चालत यावे, त्यात हालचालीची गरजही भागते. जागा दार-खिडकीपासून दूर आणि शिक्षकाजवळ असावी, परंतु मुलाला एकटे पाडणारी नसावी. बाकावर बोट टेकवणे अशी एखादी खूण दोघांत आधीच ठरलेली असेल, तर चारचौघांत नाव घेऊन टोकावे लागत नाही. काम सुरू केल्याबरोबर, पूर्ण होण्याची वाट न पाहता, "सुरुवात चांगली केलीस" एवढे म्हणावे. आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी, कारण ज्या मुलाला हालचालीची सर्वाधिक गरज आहे त्याचीच ती वाट आपण बंद करतो.

एका शिक्षकाला हे सारे रोज जमणार नाही, हे मी अनुभवाने जाणतो. फळ्यावरच्या सूचनेपासून आरंभ करावा. तिचा लाभ सगळ्याच वर्गाला होतो. औषधांचा निर्णय डॉक्टर आणि पालकांचा आहे. काही मुलांना त्यांचा चांगला उपयोग होतो, मात्र दप्तर कसे लावायचे हे औषध शिकवत नाही.

घर आणि शाळा यांना जोडणारे एक साधे साधन म्हणजे रोजचे कार्ड. त्यावर दोन-तीनच गोष्टी असाव्यात: सांगितल्यावर काम सुरू केले, हात वर करून बोलला, वही घरी नेली. प्रत्येक तासाला शिक्षकांनी खूण करावी आणि संध्याकाळी पालकांनी त्या खुणा पाहून मुलाला आवडेल असे काही करावे, एखादी गोष्ट वाचून दाखवावी किंवा सोबत खेळावे. सुरुवातीची उद्दिष्टे इतकी सोपी ठेवावीत की पहिल्याच आठवड्यात बहुतेक खुणा मिळतील. खुणा मिळत नसतील, तर मुलाला बोल न लावता उद्दिष्ट आणखी लहान करावे आणि दुसऱ्या दिवशी नवे कार्ड द्यावे.