तीन वर्षं मी डॉक्टरांकडे गेलेच नाही

श्रोते हो नमस्कार. आज मी जे सांगणार आहे ते वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल आहे, पण ऑपरेशन कसं करतात ते नाही सांगायचंय, ते तर आता सगळीकडे ऐकायला मिळतं. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं, म्हणजे ऑपरेशन झालं, वजन उतरलं, लोकांनी कौतुक केलं आणि मग दोन-चार वर्षांनी तेच वजन हळूहळू परत चढायला लागलं, तेव्हा काय करायचं. माझं तसंच झालं म्हणून सांगतेय.

मी सांगलीची. २०१८ साली माझी स्लीव्ह सर्जरी झाली, म्हणजे पोटाची पिशवी उभी कापून जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. तेव्हा माझं वजन ११८ किलो होतं. दीड वर्षात ७६ वर आलं, बेचाळीस किलो गेले. गुडघे दुखायचे थांबले, शुगरची गोळी बंद झाली, जिना चढताना धाप लागत नव्हती. मग २०२० चं लॉकडाऊन आलं, फॉलोअप बंद पडला, घरी बसून काम सुरू झालं आणि काटा सरकायला लागला. आधी दोन किलो, मग पाच. २०२३ च्या शेवटी मी ९४ वर होते.

त्या काळातलं एक वाक्य मला अजून आठवतं. हळदीकुंकवाला गेले होते, तिथे एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तुझं ते ऑपरेशन फेल गेलं का गं?" वाईट हेतूने नसेल विचारलं, पण मी वाण न घेताच घरी आले आणि वजनकाटा उचलून माळ्यावर ठेवला. आणि डॉक्टरांकडे? तीन वर्षं गेलेच नाही. ऑपरेशनसाठी आईने एफडी मोडली होती हो. कुठल्या तोंडाने जायचं आणि सांगायचं की अठरा किलो परत चढवलेत, असं वाटायचं. त्यांच्या हॉस्पिटलवरून रस्ता जातो तर मी रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगायचे.

आज हे ऐकताना ज्यांना स्वतःचीच गोष्ट ऐकल्यासारखं वाटतंय त्यांच्यासाठीच मी बोलतेय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मला ती फार उशिरा कळली. थोडं वजन परत येणं हे बहुतेकांचं होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक खूप मोठा अभ्यास झाला, दोन हजारांच्या आसपास ऑपरेशन केलेली माणसं, त्यांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यात दिसलं की वजन सगळ्यात कमी असतं ते पहिल्या एक-दोन वर्षांत, तेव्हा बायपासवाल्यांचं, म्हणजे हृदयाचं नव्हे, पोट लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडतात त्या ऑपरेशनवाल्यांचं, सरासरी ३२ टक्के वजन उतरलेलं होतं, आणि दहा वर्षांनी बघितलं तर ते २५ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे काही चढलं, पण बराचसा फायदा टिकला. स्लीव्ह तेव्हा नव्हती, त्यांच्यात जुन्या पद्धतीची ऑपरेशनं होती आणि त्यातही असंच, आधी उतरलं मग थोडं चढलं. आणि त्या सगळ्यांत मृत्यूचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा कमी राहिलं. हे मला त्या हळदीकुंकवाच्या दिवशी माहीत असतं तर किती बरं झालं असतं.

का चढतं? शरीर गेलेलं वजन सहजासहजी विसरत नाही. पोटाचा जो वरचा भाग काढतात तिथे भुकेचं एक हार्मोन तयार होतं, घ्रेलिन म्हणतात त्याला, म्हणून पहिलं वर्षभर भूकच लागत नाही. आम्ही ऑपरेशनवाले त्याला हनिमून पिरियड म्हणतो. पण तो संपतो, भूक परत येते, आणि ती नळीसुद्धा वर्षांनी थोडी सैल होते. त्यात ७६ किलोच्या शरीराला ११८ किलोच्या शरीराएवढं अन्न लागतच नाही, चालायला-उठायला-बसायला सगळ्यालाच कमी ऊर्जा लागते. म्हणजे भूक वाढली आणि गरज घटली, दोन्ही एकदम. यात तुमच्या चांगलं-वाईट असण्याचा काय संबंध?

आता भडंगाचं सांगते, कारण माझं खरं उत्तर तिथेच सापडलं. आमच्याकडे सांगली-जयसिंगपूर-कोल्हापूर भागात घरात भडंगाचा डबा नाही असं घर नसतं, चुरमुरे, तेल, लसूण, शेंगदाणे, कडीपत्ता. मला नेहमी वाटायचं की मी जेवते तर दोन घास, मग वजन का वाढतंय? जेवणाला बसले की दोन अंडी आणि अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च व्हायचं, वर काही जात नव्हतं, म्हणजे ऑपरेशन तर काम करत होतं. शेवटी डायटिशियन मॅडमनी मला सात दिवस सगळं लिहायला लावलं. जेवण तर लिहाच म्हणाल्या, पण तोंडात जे जे जाईल ते लिहा, स्वयंपाक करताना चव बघितलेलं पण. वहीत काय आलं तर सकाळी दोन चहा साखरेचे, त्यात बुडवून चार खाऱ्या, मुलाच्या डब्यातली उरलेली चतकोर पोळी आणि बटाटा, ऑफिसात वाढदिवसाच्या केकचा तुकडा, पाच वाजता भडंगाची वाटी, सहाला परत वाटी, रात्री मागचं आवरताना पातेल्यातला भात, दोन चमचेच, पण तूप घालून.

त्यांनी मला समजावलं ते मी इथे तसंच सांगते. अंडं, मासा, पनीर, उसळ असं घट्ट अन्न त्या अरुंद नळीत थांबतं, नळी भरते, आणि पोट भरल्याचा निरोप वर जातो. भडंग, खारी, बिस्कीट, चिवडा, वेफर्स, आइस्क्रीम हे सगळं तोंडात विरघळतं आणि चहाबरोबर तर सरळ खाली घसरतं. नळी भरतच नाही. दहा मिनिटांत जागा मोकळी, परत वाटी. म्हणजे ऑपरेशनने जे दार लहान केलं होतं त्यातून मी दिवसभर थोडं थोडं करून सगळंच आत नेत होते आणि मला वाटत होतं मी दोनच घास जेवते. तुमच्या घरी भडंग नसेल, खाखरा असेल, शेव असेल, ऑफिसातलं क्रीम बिस्कीट असेल. सात दिवस लिहून बघा, कुणाला दाखवू नका वाटलं तर, पण लिहा.

आता मधे मी काय काय उद्योग केले ते पण सांगते, कारण तुम्हालाही कुणीतरी सांगेल. पाच दिवस फक्त लिक्विड घ्यायचं, पोट परत लहान होतं, पाऊच रिसेट होतं असं एकीने सांगितलं. मी केलं. सूप, ताक, प्रोटीन पावडर, पाच दिवस. अडीच किलो उतरले आणि पुढच्या दहा दिवसांत सगळे परत आले, कारण ते बरंचसं पाणीच होतं. लिक्विड घेऊन सैल झालेली पिशवी आवळत नाही, ती काही लोकरीचा स्वेटर नाही. आणि सहाव्या दिवशी मी जी खायला बसले ते विचारू नका, मला स्वतःचीच भीती वाटली.

मग २०२४ च्या जानेवारीत मी फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीला नाव सांगताना आवाज फुटत नव्हता. डॉक्टर काय म्हणतील याची मी तीन वर्षं मनात इतकी तयारी केली होती, आणि ते फक्त एवढं म्हणाले, "बरं झालं आलात, चला रक्त तपासू." बस. मी तिथेच रडले.

रक्तात काय निघालं ऐका. हिमोग्लोबिन ९.४, व्हिटॅमिन बी१२ अगदी खाली, व्हिटॅमिन डी कमी, आणि थायरॉइड बिघडलेलं, ज्याचा मला पत्ताच नव्हता. मधल्या काळात अंगावर पित्त उठायचं म्हणून जवळच्या एका डॉक्टरांकडून मी दोन-तीन वेळा गोळ्यांचा कोर्स घेतला होता, ती स्टिरॉइड होती, त्यानेही भूक आणि वजन वाढतं. मला वाटत होतं मी आळशी झालेय, चालायला जायचा कंटाळा करतेय. नऊच्या हिमोग्लोबिनवर कोण चालेल हो? ऑपरेशननंतर मल्टिव्हिटामिन, बी१२, कॅल्शियम, डी, लागेल तसं लोह, हे आयुष्यभराचं असतं, आणि मी दुसऱ्या वर्षी केस गळायचे थांबले म्हणून सगळं बंद करून टाकलं होतं. तेवढं करू नका. आणि लोहाची गोळी कॅल्शियमसोबत किंवा चहासोबत घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर घेऊन न घेतल्यासारखीच.

मग एंडोस्कोपी करून बघितलं, नळी थोडी मोठी झाली होती पण फार नाही. काहींची फारच मोठी झालेली असते, बायपासवाल्यांचं जोड असलेलं तोंड रुंद झालेलं असतं, त्यांच्यासाठी आतून टाके घालणं किंवा दुसरं ऑपरेशन असे मार्ग आहेत, ते तपासल्याशिवाय ठरत नाही. इंजेक्शनं पण आहेत, ती २०२५ मध्ये आपल्याकडे आली म्हणून सगळे विचारतात, सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड वगैरे. परत चढलेल्या वजनासाठी डॉक्टर ती देतात, उपयोग होतो. फक्त ती थांबवली की वजन परत येऊ शकतं, आणि शुगरची औषधं चालू असतील तर डोस बदलावे लागतात, तेव्हा ओळखीच्या मेडिकलमधून आणून स्वतःच टोचून घेऊ नका. मला सध्या नको म्हणाले, आधी रक्त आणि खाणं सरळ करू म्हणाले.

खाण्यात बदल काय केला तर ताटात पहिला घास प्रोटीनचा. भाकरी शेवटी. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन जायला हवं, ऐकायला सोपं वाटतं पण आपल्या मराठी जेवणात ते सहज होत नाही, कारण वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच असतं. मी हिशोब असा बसवला की दोन अंडी बारा, शंभर ग्रॅम पनीर अठरा, मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर सात-आठ, मूठभर सोयाबीनचे चंक्स भाजीत घालून पंधरा, वर दही. हे चार वेळांत वाटून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. हे सगळ्यात अवघड गेलं, आपल्याला तांब्या शेजारी लागतो. संकष्टी मी सोडली नाही, साबुदाणा सोडला, त्यात पिठाशिवाय काही नसतं, आता दही, पनीर आणि राजगिरा. आणि घरच्यांना सांगितलं की भडंगाचा डबा असू दे पण वरच्या फळीवर, आणि मी पाच वाजता ताक आणि उकडलेलं अंडं खाणार, तेव्हा मला आग्रह करू नका. सासूबाई पहिल्यांदा नाराज झाल्या, मग त्याच अंडं उकडून ठेवायला लागल्या.

लोह भरून आल्यावर पाय चालायला लागले. संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत जाते आणि परत. आठवड्यातून तीनदा घरी खुर्चीतून हात न टेकता उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, कारण नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत आणि स्नायू गेले की शरीराला अन्न अजूनच कमी लागतं.

आज माझं वजन ८५ आहे. ७६ नाही. डॉक्टर म्हणाले ७६ परत दिसेलच असं नाही, आणि मला शुगरची गोळी लागत नाहीये, तर ८५ ला मी वाईट म्हणणार नाही. दोन महिन्यांपूर्वी गावाला लग्न होतं तेव्हा तीन किलो वाढले होते, आल्यावर त्याच आठवड्यात काट्यावर उभी राहिले, वही काढली आणि परत सुरू केलं. काटा आता बाथरूमच्या दाराशी असतो, आठवड्यातून एकदाच, शनिवारी.

एक मात्र वेगळं सांगते. ऑपरेशन झालेल्या कुणाला सारख्या उलट्या होत असतील, पायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल, किंवा शौचाला काळं होत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. आणि दारू घेणाऱ्यांनी, विशेषतः बायपास झालेल्यांनी, ती आता लवकर आणि जास्त चढते आणि सवयही लवकर लागते हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

जाताना जुनी फाइल घेऊन जा, त्यात ऑपरेशन नक्की कुठलं झालं ते लिहिलेलं असतं, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घाला, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या पण, आणि ती सात दिवसांची वही. फाइल सापडली नाही तर तेवढ्यासाठी थांबू नका, हॉस्पिटलात तुमची नोंद सापडेल. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे अजूनही जाववत नसेल तर दुसऱ्या बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, डॉक्टरांकडे जा, चालतं. फोन करताना आवाज फुटला नाही तर मुलीला लावायला सांगा, बहिणीला सांगा. माझा फोन माझ्या नणंदेने लावला होता, मी फक्त नाव सांगितलं.

नमस्कार.