अनुभव विचारायचा कसा

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूरपासून अथणीपर्यंत आपल्या या बेळगावच्या सीमाभागात भात, ऊस, तंबाखू यांत आयुष्य घातलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याजवळ बसणारेही आहेत. तरी उठताना पदरात फारसं पडत नाही, कारण प्रश्नच चुकतो. 'अज्जा, शेतीतलं काहीतरी सांगा की,' म्हटल्यावर 'कष्ट करा, नेटानं राहा' यापलीकडे ते काय सांगणार? त्यांचं निम्मं शहाणपण हातात आणि डोळ्यांत साठलेलं असतं. ते काम चालू असताना, कामाच्या जागी जाऊनच विचारावं.

गुऱ्हाळाचं घ्या. पाक कधी उतरवायचा असं गुळव्याला घरी विचारलं, तर तो म्हणेल, 'कळतंय की!' त्यापेक्षा काहिलीपाशी उभं राहा. पाक घट्ट होत आला की तो त्यातला थोडा थंड पाण्यात टाकतो, बोटांनी वळतो. टणक गोळी झाली की काहील उतरवायची वेळ झाली. साधारण 118 अंश सेल्सिअस. काकवी मात्र 105-106 अंशांनाच काढतात. तिथल्या तिथे विचारा : 'काका, गोळी मऊ राहिली तर काय करता?' आणि मग सगळ्यात मोलाचा प्रश्न : 'गूळ बसलाच नाही असं कधी झालं? तेव्हा ऊस कुठला होता?'

या प्रश्नावर माणूस मोकळा होतो. ऊस लोळलेला होता. तोडून दोन दिवस फडात पडला होता. कोवळाच तोडला होता. आता यामागचं कारण बघा. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटत जाते, आणि फुटलेल्या साखरेचा गूळ घट्ट बसत नाही, पाणी धरतो. रसात चुना जास्त पडला तर गूळ काळपट होतो. यश सांगताना माणूस बारकावे गाळतो. नुकसान मात्र त्याला तिथीवारासकट आठवतं. म्हणून आधी बिघडलेल्या कामाबद्दल विचारा, पण चारचौघांत नको, एकट्याला गाठून.

मापाचं तसंच. 'चिमूटभर', 'अंदाजानं' असं उत्तर आलं तर वाद घालू नका. त्यांना त्यांच्या हातानं घालू द्या, आणि पुढच्या खेपेला आधी तेवढंच काढून वजनकाट्यावर ठेवा. शब्दही त्यांचाच लिहा. शेजारचे कन्नड बोलणारे अज्जा 'मसारी' म्हणाले, तर वहीत 'मसारी' असंच हवं. नुसतं 'जमीन' लिहिलंत, तर ती तांबडी होती हेच निसटलं.

अनुभव खरा असला, तरी तो एका जागेचा असतो. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडे पाऊस कोसळतो, अथणीकडे आभाळाकडे बघत बसावं लागतं. खानापूरकडच्या शेतकऱ्यानं सांगितलेली भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच केलेली पेरणी, अथणीच्या रानात तशीच करायला गेलात, तर बी वाया जाईल. म्हणून प्रत्येक सल्ल्याशेजारी तीन गोष्टी लिहा : जमीन कुठली, वाण कुठला, पाऊस कधी लागला. चाळीस वर्षांपूर्वीचा सल्ला असेल, तर तेव्हा बैल होते की ट्रॅक्टर, विहीर होती की कालवा, हेही विचारून घ्या. वडीलधाऱ्यांचा शब्द तपासणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आपल्याकडे फार जण मानतात. आम्हाला ते पटत नाही. जो तपासतो, त्यानंच तो शब्द मनावर घेतलेला असतो.

कृष्णाकाठच्या आणि वेदगंगा-दूधगंगेकाठच्या गावांत तर ही चौकशी पावसाळ्याआधीच उरकायला हवी. 2005 चा आणि 2019 चा पूर बघितलेले लोक अजून आहेत. पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं? नदीकडून आधी आलं, की ओढ्यातून मागच्या बाजूनं? कुठला रस्ता पहिल्यांदा बुडाला? जनावरं कुठं हलवली, आणि कुणाची उशीर झाल्यानं अडकली? दोन घरांत वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलंत, तर सगळ्यात थोरल्यांचंच म्हणणं सगळ्यांचं होतं. दोघांच्या खुणा जुळल्या, की त्या उंचीवर भिंतीला रंगाची रेघ मारून साल लिहा.

भाताबद्दल ऐकलेलं मात्र पहिल्या वर्षी गुंठाभरच करून बघा. एकरात चाळीस गुंठे असतात. एक फसला तरी घर चालतं. कापणी झाली, की चार लोंब्या घेऊन त्या अज्जांकडे परत जा. दाणा भरला असेल तरी जा, पोचट निघाला असेल तर नक्की जा. लोंबी हातात चोळून बघितल्यावर ते जे बोलतील, ते पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलेलं असतं.