अभंग कोणत्या गाथेतला?

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

आषाढी वारी जवळ आली की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत संतसाहित्याची पुस्तके दर्शनी मांडली जातात. खिशात मावणारा हरिपाठ, पारायणासाठी मोठ्या टाइपातली ज्ञानेश्वरी आणि त्यांच्या शेजारी ध्यान, नामस्मरण, संतवचने, वारीतले अनुभव अशा विषयांवरची नवी कोरी पुस्तके. या नव्या पुस्तकांचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्यांतले कोणतेही हाती घेतले की आधी एक गोष्ट पाहतो: दिलेला अभंग किंवा ओवी कोठून घेतली, हे लेखकाने सांगितले आहे का?

भाविकाला ही चिकित्सा कशाला हवी, असे कोणी विचारील. पण ती आपल्याला संतांनीच शिकवली आहे. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ सिद्ध होऊन तोवर जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती आणि नकला होता होता त्यात अपपाठ शिरले होते. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे, असे नाथांनी बजावून ठेवले आहे. नाथ स्वतः थोर कवी होते, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांचे वजन कळते.

आज मोबाइलवर फिरणाऱ्या चार ओळींच्या शेवटी ‘तुका म्हणे’ जोडले की त्या तुकोबांच्या होऊन जातात, आणि तेथून त्या पुस्तकांतही शिरतात. असे मिश्रण पूर्वीही होत असे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढण्यात अभ्यासकांचा मोठा काळ गेला. तुकोबांच्या अभंगांची शासकीय गाथा 1950 मध्ये निघाली. तिच्यात 4,607 अभंग आहेत. इतर गाथांमध्ये ही संख्या आणि अभंगांचा क्रम वेगळा आहे, त्यामुळे लेखकाने नुसता क्रमांक दिला आणि गाथा सांगितली नाही, तर वाचकाला मूळ अभंग शोधता येत नाही.

पुण्यातल्या वाचकाने तरी ही अपेक्षा सोडू नये. वारकरी कीर्तनकार विष्णुबुवा जोगांच्या परंपरेतले सोनोपंत दांडेकर हे स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कीर्तनकारही होते. त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी 1953 पासून घरोघरी वाचली जाते. सार्थ प्रतीचे पान उघडावे: वर ओव्या, खाली त्याच क्रमांकाने अर्थ. अर्थ पटला नाही तर नजर वर नेऊन ओवी स्वतः पुन्हा वाचावी, एवढी मोकळीक त्या मांडणीतच आहे. ज्या नव्या पुस्तकात लेखकाचे निरूपण पानभर वाहते आणि संतांची ओळ मात्र अर्धीच येते, तेथे ही मोकळीक वाचकाकडून काढून घेतली जाते.

नवे काही सांगूच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी याच शहरात राहून विठ्ठलावर लिहिलेला ग्रंथ 1984 मध्ये आला, तेव्हा त्यातली अनेक मते नवी होती. पण पुराणे, स्थलमाहात्म्ये, शिल्पे, लोकगीते असा सगळा आधार त्यांनी वाचकापुढे ठेवला होता.

वारीच्या अनुभवांवरील पुस्तकांना माझे मोजमाप थोडे वेगळे आहे. तेथे मला लेखकाच्या भारावलेपणापेक्षा वारीची रीत वाचायची असते. माउलींच्या सोहळ्यातली मुक्कामावरची समाजआरतीच घ्या. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. मग तिचे म्हणणे ऐकले जाते, हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती दिली जाते आणि त्यानंतर आरती होते. शेजारी उतरलेल्या दिंडीचे गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय देवाची आरती होत नाही, हे ज्या लेखकाने उभे राहून पाहिले आणि नीट लिहिले, त्याच्याकडून मला धर्मजीवन कळते. भक्तीचा महिमा सांगणाऱ्या दहा प्रकरणांतून ते कळेलच असे नाही.

ही गोष्ट एकाच पंथापुरती नाही. पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तेव्हा त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांपर्यंत गेल्या. त्यांचे निधन 1922 मध्ये झाले. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या या कामात गुंतलेल्या होत्या.

म्हणून प्रकाशकांना एक विनंती. अशा प्रत्येक नव्या पुस्तकाच्या शेवटी दोन पाने राखून ठेवावीत. त्यांत पुस्तकात आलेल्या अभंगांची पहिली चरणे अकारविल्हे द्यावीत आणि प्रत्येकापुढे गाथेचे नाव, आवृत्तीचे वर्ष व अभंगाचा क्रमांक छापावा. नमस्कार.